पाच चिठ्ठ्या आणि पाच किलो

गुंजने स्वतःला सांभाळायला काय शिकावं, या प्रश्नाच्या चिठ्ठ्या आबांनी उघडल्या. पाच चिठ्ठ्यांतून चार उत्तरं निघाली आणि एक चिठ्ठी कोरी होती.

“कुस्ती,” त्यांनी पहिली वाचली. ती त्यांचीच, हे अक्षरावरून सगळ्यांना कळलं. “ज्युदो.” काका खुर्चीत जरा ताठ बसला. “कराटे.” थोरला, गुंजचा बाप, भिंतीवरच्या वजनांकडे पाहत राहिला. चौथी चिठ्ठी आबांनी चष्मा वर करून दोनदा वाचली. “‘बॉक्सिंग सोडून काहीही.’ हे काय उत्तर झालं?”

“उत्तरच आहे ते,” आत्या म्हणाली. “महिन्याला चार मुठी येतात माझ्याकडे एक्स-रेला. करंगळीमागचं हाड, ठरलेल्या जागी मोडलेलं. आता डोळे मिटून सांगते मी कुठे मोडलंय ते.”

“आणि ही कोरी कोणाची?”

“माझी,” गुंजची आई म्हणाली. “मला यातलं काही कळत नाही.”

“कळत नाही म्हणून कोरी द्यायची नसते, सूनबाई. वाटेल ते लिहायचं.”

“वाटेल ते लिहिण्यापेक्षा कोरी बरी.”

आत्याने वहिनीकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत वहिनीची चिठ्ठी कोरी निघाल्याचं तिला आठवत नव्हतं. या घरात वादाचा प्रश्न वादातल्या वजनकाट्यासारखा सोडवायचा, ही आबांची रीत. प्रत्येकाने वेगळं बसून वाचायचं, वेगळं लिहायचं, शेजाऱ्याचा आकडा पाहायचा नाही. मग चिठ्ठ्या एकत्र उघडायच्या. आत्याने विज्ञान घ्यायचं हे काटे-वजनांच्या दुकानातल्या याच दगडी टेबलावर ठरलं होतं, आणि धाकट्याचं, म्हणजे काकाचं, मोडत आलेलं पहिलं लग्न ओढत न्यायचं नाही, हेही. आज रविवार. शटर अर्धं खाली होतं. ब्रासो आणि मशीनच्या तेलाचा वास, कोपऱ्यात लेथ, काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती गुंज लाकडी भुश्शाच्या खोक्याच्या कडेवर बसलेली. उजव्या कोपराला पट्टी. चार टाके, बुधवारी बाजारात एकाने ढकललं तेव्हाचे.

ती जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की आबांनी तिला गुंज म्हटलं होतं, सर्वांत छोटं वजन. आता उंचीत ती काकाच्या वर दोन बोटं होती आणि नाव तसंच राहिलं होतं.

“आता एवढा फरक आल्यावर काय करायचं?” आत्याने विचारलं. “सरासरी काढायची? थोडी कुस्ती, थोडं कराटे?”

“एक ना धड भाराभर चिंध्या,” आबा म्हणाले. “एकच शिकायचं. कुस्ती. धरलं की सोडायचं नाही, एवढं एकच तत्त्व.”

“आबा, ती घाऊक बाजारात काटे तपासायला जाते. तिथे माती कुठून आणणार?” काका म्हणाला. “ज्युदो घ्या. समोरच्याचंच वजन त्याच्यावर वापरायचं. अख्खा धंदाच आपला वजनाचा, याहून सोयीचं काय असणार?”

“तुझा ज्युदो गेली वीस वर्षं सोफ्यावर आडवा आहे,” आत्या म्हणाली.

“ताई, तीन वर्षं शिकलोय मी.”

“तीन वर्षं शिकलास आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलंस. त्याचाही फोटो मीच काढला होता.”

थोरला अजून बोलला नव्हता. आत्याला ते खटकत होतं. तिचा हा भाऊ वादात शेवटी बोलतो, पण गप्प बसतो तेव्हा त्याचं काम आधीच झालेलं असतं.

“दादा, कराटे का?” तिने विचारलं.

“शिस्त असते. पायरी पायरीने शिकवतात. पट्टे असतात.”

“काळा पट्टा किती वर्षांनी मिळतो?”

“मिळेल तेव्हा मिळेल.”

“चार-पाच वर्षं लागतात. आणि तू गुरुवारी काय म्हणालास? स्वतःला सांभाळता येईपर्यंत बाजाराची फेरी बंद. म्हणजे चार-पाच वर्षं हिने दुकानात बसून स्क्रू पिळायचे.”

“दुकानात काम काय कमी आहे?”

“बघा!” आत्या टेबलावर हात आपटून म्हणाली. “याने शैली निवडलेलीच नाही. याने मुदत निवडलीय.”

थोरल्याचे कान लाल झाले. “चार टाके पडलेत तिला. तू रोज हाडं बघतेस, तुला काही वाटत नसेल. मी बाप आहे तिचा. या बुधवारी धाकटा जाईल फेरीवर, पुढच्या बुधवारी धाकटा जाईल, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.”

काकाने मान खाली घातली. त्याला फेरी नको होती, आणि भावाला नाही म्हणणंही जमत नव्हतं.

*

गुंजला वाटत होतं, कोणीतरी आपल्याला विचारावं. मग वाटत होतं, बरंय कोणी विचारत नाही ते, कारण सांगायला काही नव्हतं.

बुधवारपासून तिने फोनवर अकरा व्हिडिओ पाहिले होते. पहिल्यातला म्हणत होता, खरी मारामारी नेहमी जमिनीवर संपते, म्हणून कुस्ती शिका. दुसरा म्हणत होता, जमिनीवर कधीही जाऊ नका, तिथे त्याचे मित्र लाथा घालतात. तिसऱ्याने कराट्याला नाच म्हटलं होतं. चौथ्याने बॉक्सिंगला पाय नसलेला प्राणी म्हटलं होतं. पाचव्याने एवढंच सांगितलं होतं, की पळा. प्रत्येकाचं ऐकताना ते पटत होतं, आणि पुढचा व्हिडिओ लावला की आधीचं साफ पुसलं जात होतं. तिने वहीत रकाने पाडले होते: किती महिने, किती अंतरावरून, समोरचा दुप्पट वजनाचा असेल तर. रकाने भरले आणि तरीही उत्तर निघालं नाही.

आणि या सगळ्याखाली एक वेगळीच गोष्ट होती. बटाटेवाल्याचा काटा दर पाच किलोला साठ ग्रॅम जास्त दाखवत होता. काटा बरोबर असल्याचा दाखला देणार नाही, असं तिने सांगितलं. तेव्हा त्याने तिला ढकललं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दाराच्या चौकटीवर. आणि तिने काही केलं नाही. हात वर केला नाही, ओरडली नाही. शेजारच्या गाळ्यातली माणसं धावून आली म्हणून तो थांबला. आपण भित्र्या आहोत, हे चोविसाव्या वर्षी कळणं तिला फार उशिराचं वाटत होतं. आणि भित्र्या माणसाने कुठली शैली शिकावी, याचा व्हिडिओ तिला सापडला नव्हता.

“अरे, नुसतं बोलून काय कळणार?” काका उठला. “गुंज, इकडे ये. उभी राहा. मी बटाटेवाला. मी तुला ढकलतो, तू काही करू नकोस, मग मी तुला दाखवतो ज्युदोत काय करतात.”

“तिच्या कोपराला लागेल,” आई म्हणाली.

“वहिनी, हळूच ढकलणार आहे.”

“बटाटेवाल्याचं पोट थोडं कमी होतं,” गुंज म्हणाली, आणि सगळे हसले. थोरलाही.

काकाने बाह्या वर केल्या, चेहरा उगाच रागीट केला आणि दोन्ही हातांनी तिच्या खांद्यांना धक्का दिला.

पुढचं इतकं पटकन झालं, की कोणाला नीट सांगता आलं नाही. गुंजच्या डाव्या हाताने काकाचं मनगट बाजूला केलं आणि उजव्या तळव्याने त्याच्या छातीवर असा धक्का दिला, की काका दोन पावलं मागे गेला, खोक्याला अडखळला आणि वजनं बांधायच्या लाकडी भुश्शात बसकण मारून बसला. भुस्सा उडाला. त्याचे पाय वर राहिले.

“काही करू नकोस म्हटलं होतं ना!”

“मी काही केलं नाही,” गुंज म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

आबांनी चष्मा काढला. “ही कुठली शैली?”

आत्याने काकाला हात देऊन उठवलं. “पुन्हा ढकल,” ती म्हणाली.

“तू ढकल की!”

“तीनदा वाचल्याशिवाय आकडा धरायचा नाही. ढकल.”

दुसऱ्यांदा काका सावध होता, तरी भिंतीपर्यंत गेला. तिसऱ्यांदा गुंजने त्याचा हात खांद्याला लागूच दिला नाही. तिच्या कोपराची पट्टी सुटली आणि आईने ती पुन्हा बांधली.

“मग बुधवारी का नाही?” आत्याने विचारलं. आवाज चढवून नाही. दवाखान्यात पेशंटला ‘दुखतं नेमकं कुठे’ विचारतात तसं. “एवढे वेगवेगळे आकडे आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एकाच गोष्टीची अशी पाच वाचनं येत नाहीत. आपण वेगवेगळं काहीतरी मोजत होतो. गुंज, तुला ढकललं तेव्हा तुझे हात कुठे होते?”

गुंजने हात पुढे धरले. पोटाच्या उंचीवर, तळवे आत वळलेले, मध्ये वीतभर जागा. स्वतःच्या हातांकडे पाहिल्यावर तिलाच ते दिसलं.

“काट्याच्या पाटाचे चार कोपरे तपासत होते,” ती सावकाश म्हणाली. “तिसऱ्या कोपऱ्यावरून चौथ्यावर नेत होते. पाच किलोचं. प्रमाण वजन.”

“टाकायचं होतंस!” काका म्हणाला.

गुंजने त्याच्याकडे पाहिलं. ही शक्यता कोणीतरी नव्या भाषेत सांगावी तशी तिला ऐकू आली. “ठेवायला जागा शोधत होते मी. पहिल्या धक्क्यानंतर टेबल बघितलं. टेबलावर बटाटे होते. दुसऱ्यानंतर… पोतं होतं, पण ते ओलं होतं. मग चौकट लागली.”

“आणि वजन?” आबांनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

“नाही पडलं, आबा.”

*

थोरल्याला ओरडणं सोपं होतं, म्हणून तो ओरडला.

“तुमचा नियम!” तो बापासमोर जाऊन उभा राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांत इतक्या जवळून तो या आवाजात बोलला नव्हता. “पडलेलं वजन प्रमाण राहत नाही. उघड्या हाताने धरायचं नाही. जेवणाआधी, झोपण्याआधी, पाळणा हलवताना तेच. मी पाच वर्षांचा असताना माझ्या हातून दोनशे ग्रॅमचं पडलं तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पोरीचं डोकं फुटलं असतं! वजन शाबूत राहिलं असतं आणि पोरगी—”

“दादा,” काका मध्ये आला, “आबांवर काय ओरडतोस? नियमात चूक काय? वजन पडलं तर उद्या कुठल्याही काट्यावर आपला शब्द चालेल का?”

मघापर्यंत काका आणि गुंज एका बाजूला होते, थोरला दुसऱ्या. आता काका आबांच्या खुर्चीमागे उभा होता आणि थोरला, जो पोरीला दुकानात बसवायला निघाला होता, तो तिच्या वतीने भांडत होता. थोरल्याला ही अदलाबदल कधी झाली ते कळलं नाही. त्याला एवढंच कळत होतं, की आवाज खाली आणला तर काहीतरी ऐकू येईल.

ते तरीही ऐकू आलं. बुधवारचा फोन. बाजाराशेजारच्या दवाखान्यातून गुंज म्हणाली होती, “बाबा, भांडण झालं, मला ढकललं एकाने.” आणि तो म्हणाला होता…

त्याने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. तिला आठवत होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि ती बोलणार नव्हती, हेही दिसत होतं. ती त्याला सांभाळत होती. वजन सांभाळावं तसं.

“मी विचारलं होतं,” तो म्हणाला.

“काय?” आबांना ऐकू गेलं नाही.

“फोनवर. मी आधी विचारलं, ‘वजन पडलं नाही ना?’ मग विचारलं, ‘तुला कुठे लागलं?’ या क्रमाने.” तो स्टुलावर बसला. “नियम तुमचा असेल, आबा. तोंड माझं होतं.”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

आबा उठले. मखमलीच्या खोक्यातून त्यांनी पाच किलोचं वजन कापडात धरून काढलं आणि गुंजच्या हातात दिलं. “धर. धाकट्या, ढकल हिला. गुंज, ढकललं की टाक.”

आत्याने पायाशी रबरी चटई सरकवली. आबांनी ती काठीने मागे लोटली. “चटईवर टाकणं म्हणजे टाकणं नव्हे.”

काकाने ढकललं. गुंज मागे गेली, वजन छातीशी. पुन्हा ढकललं. तिची बोटं पांढरी पडली.

“सोड ना!” आत्या म्हणाली.

“सोडतेय!” गुंज जवळजवळ रडत म्हणाली. “सुटत नाही.”

“बोटं एकेक करून उघड,” काका म्हणाला. “अंगठा आधी,” थोरला म्हणाला. “श्वास सोड, मग हात,” आत्या म्हणाली. सगळे एकदम बोलत होते आणि प्रत्येकाची सूचना वेगळी होती.

“आणा इकडे,” आबा चिडून म्हणाले. “साधी गोष्ट आहे. मी दाखवतो. ढकला मला.”

काकाने हात मागे घेतले. थोरला जागचा हलला नाही.

“मी ढकलते,” आत्या पुढे झाली. “माझे बऱ्याच वर्षांचे धक्के राहिलेत.” आणि तिने एकोणऐंशी वर्षांच्या बापाच्या खांद्याला दोन बोटांनी, दार लोटावं तितक्या हळू ढकललं.

आबा एक पाऊल मागे गेले. मग अजून एक. पाठ भिंतीला लागली. वजन दोन्ही हातांत, पोटाशी, कापडासकट. ते त्याकडे पाहत राहिले. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण मुलांना ऐकू आलं नाही.

*

आई टेबलाच्या या टोकाला, दाखल्यांच्या फायलीपाशी उभी होती. सव्वीस वर्षं ती दाखले लिहीत आली होती: अमुक वजनाने तपासला, अमुक तारखेला, बरोबर भरला. त्यातलं एकही वजन तिने कधी हातात घेतलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिने कौतुकाने एक उचललं होतं, आणि सासऱ्यांनी ते हळूच काढून घेऊन पुसून ठेवलं होतं. रागावले नव्हते. पण तिने पुन्हा हात लावला नव्हता.

आताही आबा रागावलेले नव्हते. ते घाबरलेले होते. भिंतीला टेकलेला म्हातारा, हातात पाच किलो, आणि चार शहाणी माणसं भोवती.

ती पुढे गेली. “द्या,” ती म्हणाली.

आबांनी दिलं. कापड त्यांच्याच हातात राहिलं. धातू थंड होता आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा गुळगुळीत. तिच्या बोटांचे ठसे त्यावर उमटले असणार. तिने हात जरा पुढे नेले, स्वतःचे पाय वाचतील एवढे, आणि सोडलं.

फरशी तडकली. वजन एकदा उडालं, आडवं झालं आणि लेथच्या पायापर्यंत घरंगळत गेलं. काचेच्या पेटीतला तराजू बराच वेळ थरथरत राहिला.

कोणीही कोणाकडे पाहिलं नाही. सगळे वजनाकडे पाहत होते. मग काका हसायला लागला, अगदी विनाकारण, आणि आत्याने त्याला गप्प बसवता बसवता स्वतःच हसायला सुरुवात केली. आबा मात्र खाली वाकून फरशीची चीर बोटाने चाचपत होते, जशी एखाद्या पेशंटची नाडी.

“बॉक्सिंग,” गुंज म्हणाली.

हसणं थांबलं.

“काय?” आत्या म्हणाली. “एवढं सगळं सांगून बॉक्सिंग? हाड—”

“आत्या, कुस्तीत धरतात. ज्युदोतही आधी कॉलर धरतात. धरणं मला येतं, झोपेतही येतं. बॉक्सिंगचे ग्लव्हज घातले की हातात काही धरताच येत नाही.” तिने पट्टी बांधलेला हात उघडला आणि मिटला. “एवढं एकच कारण आहे. बरोबर आहे की नाही ते मला माहीत नाही. सोमवारी नाव घालते.”

“मुठीला पट्टी नीट गुंडाळून खेळायचं,” आत्या अखेर म्हणाली. “आणि मनगट सरळ. वाकवलंस तर माझ्याकडेच येशील.”

काकाला वाईट वाटलं होतं, पण ते दिसू नये म्हणून तो भुस्सा झाडत होता.

“आणि बुधवारी?” गुंजने बापाला विचारलं. “बॉक्सिंग काही दोन दिवसांत येणार नाही. पण त्या काट्याला दाखला मिळालेला नाही, आणि तो माझा काटा आहे. काकाला पाठवलंत तर बटाटेवाला काय समजेल?”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याला काही सुचवणार नव्हती.

“बुधवारी तू जायचं,” तो म्हणाला. “मी बरोबर येतो. वाचन तुझं, सही तुझी. वजनं मी धरीन.”

“आणि त्याने तुम्हाला ढकललं तर?”

तो लेथपाशी गेला आणि वाकून वजन उचललं. कापड घ्यायला त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, मध्येच थांबला. मग उघड्या हातांनी वजन पोटाशी धरून तो दुकानाच्या मधोमध उभा राहिला. बायकोला विचारलं, “कसं टाकलंस?”

“कसं म्हणजे? सोडलं.”

“नुसतं?”

“नुसतं.”

त्याने मान हलवली. समजल्यासारखी नाही, समजून घ्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखी. आबा फरशीच्या चिरेपासून उठून भिंतीकडे सरकले आणि त्याला जागा करून दिली.

“ढकल,” तो लेकीला म्हणाला.

तिने ढकललं. तो एक पाऊल मागे गेला. वजन हातातच होतं.

“पुन्हा,” तो म्हणाला.